मे महिन्यात अंगणात वर्षभराचा स्वयंपाक का वाळत असतो? 'बेगमी'मागचं गणित आणि विज्ञान

सोलापूर, धाराशिव, बीड किंवा अहिल्यानगरच्या एखाद्या गावात मे महिन्यात सकाळी आठच्या सुमाराला गेलात, तर पत्र्यावर, गच्चीवर, बाजेवर, जिथे जिथे ऊन पडतंय तिथे जुन्या साड्या आणि धोतरं अंथरलेली दिसतात. त्यावर कुरडया, पापड, सांडगे. एका कोपऱ्यात वांग्याच्या उसऱ्या, दुसऱ्या कोपऱ्यात लाल मिरच्या. बाजूला काठी घेऊन एखादं पोरगं बसलेलं असतं. कावळे आणि शेळ्या हाकलायच्या आणि अधूनमधून पापडाची ओली लाटी तोंडात टाकायची, एवढंच त्याचं काम.

शहरात राहणाऱ्यांना हे दृश्य सुट्टीतल्या आठवणींचं वाटतं. दर उन्हाळ्यात सोशल मीडियावर त्याचे फोटो फिरतात आणि खाली 'गेले ते दिवस' असं लिहिलेलं असतं. पण ज्या घरात हे वाळवण चालू असतं, तिथे प्रश्न आठवणींचा नसतो. जूनमध्ये पाऊस लागला, घरातली रोकड बी-खतात गेली आणि आठवडी बाजाराचा रस्ता चिखलात बुडाला, तर चुलीवर काय चढवायचं, असा साधा प्रश्न असतो.

या तयारीला देशावर 'बेगमी' म्हणतात. कोकणात पावसाच्या तोंडावरच्या दिवसांना 'आगोट' म्हणतात आणि त्या दिवसांतल्या साठवणीला आगोटीची तयारी. शब्द वेगळे असले तरी काम एकच, पुढच्या चार महिन्यांचं जेवण आत्ताच घरात आणून ठेवायचं.

जूनमध्ये घरात पैसा का नसतो?

बेगमी समजून घ्यायची तर आधी कोरडवाहू शेतकऱ्याच्या पैशाचं कॅलेंडर पाहावं लागतं.

सोयाबीन ऑक्टोबरच्या आसपास निघतं. कापसाची वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. तूर डिसेंबर-जानेवारीत, हरभरा आणि रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरात येते. म्हणजे ऑक्टोबर ते मार्च हे पैसा येण्याचे दिवस. लग्नकार्यं, कर्जाचे हप्ते, देणीघेणी एप्रिल-मेमध्ये उरकतात. आणि जून उजाडतो तो फक्त खर्च घेऊन. बियाणं, खत, नांगरट-पेरणीची मजुरी किंवा ट्रॅक्टरचं भाडं, पोरांची वह्या-पुस्तकं. पुढचे चार महिने शेतातून एक रुपया परत येत नाही.

नेमक्या याच काळात बाजारात भाजीपाला महाग होतो, कारण पावसात माल सडतो आणि वाहतूक अडते. म्हणून काटकसरीनं चालणाऱ्या घरांचा एक न लिहिलेला नियम असतो. रोख पैसा फक्त शेतात न होणाऱ्या गोष्टींवर खर्च करायचा, म्हणजे मीठ, चहा, साखर, हिंग. बाकी सगळं घरातून निघालं पाहिजे.

आता धान्याचं गणित करून पाहू. पाच माणसांचं घर आहे आणि माणशी रोज सरासरी ४०० ग्रॅम ज्वारी लागते असं धरलं, तर दिवसाला २ किलो झाले. वर्षाचे ७३० किलो, म्हणजे सात क्विंटलच्या थोडं वर. कोरडवाहू जमिनीत एकरी चार क्विंटलच्या आसपास ज्वारी झाली, तर फक्त घरच्या भाकरीसाठीच दोन एकर लागतात. ही ज्वारी विकली तर पैसे येतील, पण जुलैमध्ये तीच ज्वारी बाजारातून आणायची म्हटली तर व्यापाऱ्याचा नफा आणि गाडीभाडं धरून जास्त मोजावे लागतील. म्हणून 'आधी कणगी, मग बाजार' हा क्रम. शिवाय ज्वारीच्या ताटाचा कडबा होतो, त्यावर जनावरं जगतात आणि जनावरांवर घरातलं दूध-ताक. मंगळवेढ्याची मालदांडी, जिला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, ती शेतकऱ्याला आवडते त्यात भाकरीच्या चवीइतकाच या कडब्याचाही वाटा आहे.

धान्याची सोय झाली तरी नुसती भाकरी घशाखाली उतरत नाही. सोबत कालवण लागतं, तोंडी लावायला काही लागतं. वाळवणाचं काम तिथून सुरू होतं.

कुरडईला चार दिवस का लागतात?

वाळवणातला सगळ्यात खटपटीचा पदार्थ कुरडई. गहू तीन दिवस भिजत घालायचा, रोज पाणी बदलायचं, चौथ्या दिवशी वाटायचा, चोथा पिळून काढायचा, चीक रात्रभर खाली बसू द्यायचा, पहाटे वरचं पाणी ओतून द्यायचं आणि मग शिजवायचा. एवढा कुटाणा का? सरळ गव्हाच्या पिठाची कुरडई का करत नाहीत?

याचं उत्तर गव्हाच्या दाण्यात आहे. दाण्यात पिष्टमय भाग असतो, चिवट प्रथिनं असतात, कोंडा असतो आणि अंकुराच्या भागात थोडं तेल असतं. पीठ जास्त दिवस ठेवलं की खवट होतं ते या तेलामुळे. पदार्थ वर्षभर टिकवायचा तर तेलाचा आणि चिवट प्रथिनांचा भाग वेगळा काढावा लागतो. घरात यंत्र नाही, रसायन नाही. मग हे काम पाणी, वेळ आणि जिवाणू यांच्याकडून करून घ्यायचं.

भिजलेल्या गव्हात पहिल्या-दुसऱ्या दिवशी आंबवणारे जिवाणू वाढतात. दही लावताना जे होतं त्याच जातीचं हे काम. पाणी आंबट होतं, दाणा मऊ पडतो आणि पिष्टाचे कण प्रथिनांच्या जाळ्यातून सुटायला लागतात. भिजवलेल्या गव्हाला येणारा तो उग्र वास, ज्याची घरातली पोरं नाक मुरडून तक्रार करतात, तो याचाच. रोज पाणी बदललं नाही तर आंबण्याच्या पुढे जाऊन गहू कुजतो. बदललं तर काम हव्या त्या टप्प्यावर राहतं.

वाटून, गाळून पातेल्यात ठेवल्यावर पिष्टाचे कण पाण्यापेक्षा जड असल्यामुळे तळाशी जातात. वर राहतं ते पिवळसर पाणी, त्यात सुटी झालेली प्रथिनं आणि आंबटपणा. ते ओतून दिलं की तळाशी पांढरा, घट्ट चीक उरतो. कारखान्यात स्टार्च काढतात ती पद्धतही मुळात अशीच, भिजवणं, दळणं, वेगळं करणं. फरक एवढाच की घरात वेगळं करण्याचं काम एका रात्रीवर सोपवलेलं असतं.

पुढचा टप्पा शिजवण्याचा. जेवढा चीक तेवढं पाणी उकळायचं, त्यात मीठ आणि हिंग घालायचं, मग चीक ओतून सतत हाटायचं. इथे दोघीजणी लागतात. एक ओतते, दुसरी हाटते, कारण गरम पाण्यात पिष्टाचे कण फुगून एकमेकांना चिकटतात आणि हात थांबला की गुठळी झालीच. शिजलेला चीक चकचकीत, पारदर्शक दिसायला लागतो. यातला वाटीभर चीक तूप किंवा दूध-साखर घालून पोरांना मिळतो. वर्षातून एकदाच होणारा हा पदार्थ अनेकांना कुरडईपेक्षा जास्त आठवतो, आणि त्यात काही चूक नाही.

मग सोऱ्यात भरून कुरडया घालायच्या. शिजवणं पहाटे उरकण्यामागेही कारण आहे. सकाळी सातला घातलेली कुरडई दिवसभराचं पूर्ण ऊन खाते आणि संध्याकाळपर्यंत उलटण्याइतकी कोरडी होते. उशीर झाला, रात्री आत ओल राहिली, तर दुसऱ्या दिवशी आंबूस वास येतो.

नीट वाळलेली कुरडई काचेसारखी कडक होते. तरी तिच्यात थोडं पाणी अडकून राहिलेलं असतं. तापलेल्या तेलात पडताच त्या पाण्याची वाफ होते, कडक पिष्ट क्षणभर मऊ पडतं आणि वाफ त्याला आतून फुगवते. कढईत कुरडई तिप्पट होते ती अशी. तेल पुरेसं तापलेलं नसेल तर वाफ हळूहळू निघून जाते आणि कुरडई फुलण्याऐवजी तेल पिऊन बसते.

आणि चोथा? तोही टाकायचा नाही. त्यात तिखट-मीठ, तीळ, जिरं घालून भुसवड्या घालतात. दाण्याचा पांढरा भाग सणासुदीला आणि पाहुण्यांना, कोंड्याचा भाग घरच्यांना रोजच्या जेवणात. पोषणाच्या हिशेबानं पाहिलं तर तंतुमय भाग भुसवडीत जास्त, पण मान कुरडईला.

पापड, सांडगे आणि भाजी नसतानाची भाजी

पापडाचं शास्त्र त्यामानानं सोपं. उडदाच्या पिठात मुळातच चिकटपणा असतो, त्यामुळे ते पातळ लाटता येतं. पापडखार हा क्षार पीठ आणखी लवचीक करतो आणि पापड भाजल्यावर त्याला खुसखुशीतपणा देतो. मीठ पाण्याला धरून ठेवतं, त्यामुळे बुरशीला वाढायला पाणी मिळत नाही. पापड कडक उन्हात सरळ टाकत नाहीत. कडा आधी वाळून तो वाकडा होतो आणि तडकतो, म्हणून आधी सावली, मग थोडं ऊन.

काटकसरीच्या स्वयंपाकात पापड-कुरडईपेक्षा जास्त कामाचे असतात सांडगे. हरभरा, मूग, मटकी यांच्या डाळी भिजवून, लसूण-मिरचीसोबत भरड वाटून, बोटांनी तोडून घातलेले छोटे गोळे. पावसाळ्यात भाजी नसली की मूठभर सांडगे तेलावर परतायचे, कांद्याच्या रश्शात सोडायचे, पाच माणसांचं कालवण तयार. पापड तोंडी लावण्यापुरता असतो. सांडग्यातून मात्र डाळीचं प्रथिन पोटात जातं, तेही डाळ शिजवायला लागणाऱ्या वेळाच्या निम्म्याहून कमी वेळात.

याशिवाय हरभऱ्याचा पाला. डिसेंबर-जानेवारीत शेंडे खुडल्यावर हरभरा जास्त फुटतो, म्हणून खुडणं पिकासाठीही चांगलं. तो पाला वाळवून मडक्यात किंवा डब्यात ठेवला की वर्षभर कधीही पीठ पेरून भाजी होते. वाळलेली गवार, वांग्याच्या उसऱ्या, ताकात मुरवून वाळवलेल्या मिरच्या, कारळ्याची आणि जवसाची चटणी हे सगळं याच यादीतलं. यातल्या कशालाही फ्रीज लागत नाही.

कणगीतलं धान्य वर्षभर टिकतं कसं?

वाळवण फोटोत चांगलं दिसतं, पण बेगमीचा खरा जीव धान्याच्या साठवणीत आहे. कुरडई खराब झाली तर एक सण हुकतो. ज्वारीला कीड लागली तर वर्ष हुकतं.

साठवणीतल्या धान्यात साधारण १२ टक्क्यांच्या आत ओल असावी, असं मानलं जातं. त्यापेक्षा जास्त असेल तर दाणा श्वसन करत राहतो, उष्णता वाढते, बुरशी आणि कीड दोन्हींना आमंत्रण मिळतं. खेड्यात ओल मोजण्याचं यंत्र नसतं. जुनी माणसं दाणा दाताखाली धरतात. 'कट्' आवाज करून तुटला तर वाळला, दबला तर अजून दोन दिवस ऊन. ही तपासणी ढोबळ असली तरी चांगली चालते.

मग राख. ज्वारीत, मुगात, पावट्यात चाळलेली राख मिसळून ठेवण्याची पद्धत जुनी आहे. किड्याच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो, तो त्याच्या शरीरातलं पाणी उडू देत नाही. राखेचे बारीक कण हा थर खरवडतात आणि किडा कोरडा पडून मरतो. शिवाय दाण्यांमधल्या फटी राखेनं भरल्या की त्याला हिंडायला जागा राहत नाही. कडुनिंबाच्या वाळलेल्या पाल्याचं काम वेगळं, त्यातली कडू द्रव्यं किड्याला खाण्यापासून आणि वाढण्यापासून रोखतात. पाला मात्र पूर्ण वाळलेला हवा. ओला पाला घातला तर धान्यात ओल आपणच नेऊन ठेवली.

तूर आणि मूग यांची गोष्ट थोडी निराळी आहे. कडधान्याचा भुंगा दाण्याच्या सालीवर अंडी चिकटवतो आणि अळी थेट दाण्यात शिरते. बाहेरून दाणा शाबूत दिसतो, आतून पोकळ. यावर दोन घरगुती उपाय. एक, एरंडेलाचा हात फिरवायचा. तेलाच्या थरामुळे अंडं नीट चिकटत नाही आणि चिकटलं तरी गुदमरतं. दुसरा उपाय डाळ करून ठेवण्याचा. साल काढून दाणा दोन भागांत फोडला की भुंग्याला अंडी घालायला आणि अळीला वाढायला तशी जागा उरत नाही. उन्हाळ्यात जात्यावर तूर भरडण्याची घाई असायची ती यासाठीही. डाळ हा पदार्थ जितका स्वयंपाकाचा, तितकाच साठवणीचाही आहे, हे सहसा लक्षात येत नाही.

बाजारात मिळणारी बोरिक पावडर अनेक घरांत तांदळाला लावतात. ती पोटात जाणं चांगलं नाही, त्यामुळे राख, तेल आणि ऊन हेच बरे.

धान्य ठेवायची जागाही विचार करून केलेली. कणगी बांबूच्या कामट्यांची किंवा तुराट्यांची विणतात आणि शेण-मातीनं आतून-बाहेरून लिंपतात. ती जमिनीवर टेकवत नाहीत, खाली दगड किंवा फळ्या देतात, म्हणजे ओल वर चढत नाही. आणि त्याही आधीची पद्धत म्हणजे पेव.

पेव म्हणजे जमिनीतला साठवणीचा खड्डा. वर अरुंद तोंड, खाली रुंद पोट. आतून कडबा किंवा भुसकट लावायचं, धान्य भरायचं, तोंडावर दगड ठेवून मातीनं पक्कं लिंपायचं. आत अडकलेली हवा थोडीच. दाणे आणि किडे मिळून त्यातला प्राणवायू संपवतात, कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि किडे मरतात. हवाबंद पिशव्यांत धान्य साठवण्याचं आजचं तंत्र याच तत्त्वावर चालतं. पेवाचा धोकाही याच गोष्टीत आहे. उघडल्या उघडल्या आत उतरलेला माणूस गुदमरू शकतो, म्हणून तोंड उघडून बराच वेळ थांबायचं आणि आधी पेटता दिवा सोडून पाहायचा, तो विझला तर उतरायचं नाही, असा दंडक होता. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं यासाठी प्रसिद्ध. २००५ च्या महापुरात त्यातल्या अनेक पेवांचं नुकसान झालं.

पीठ मात्र साठवत नाहीत

एवढी सगळी साठवण करणारं घर पीठ मात्र आठवड्यापुरतंच दळून आणतं. बाजरीत तेलाचं प्रमाण जास्त असतं. दाणा फुटला की तेल हवेशी येतं आणि काही दिवसांतच पीठ कडवट होतं. ज्वारीचं पीठ तेवढं कडू होत नाही, पण जुनं झालं की त्याची 'विरी' जाते, भाकरी थापताना चिरा पडतात. ज्वारीत गव्हासारखं चिवट प्रथिन नसतं. भाकरीला एकत्र धरून ठेवतं ते गरम पाण्यानं किंचित शिजलेलं पिष्ट आणि मळणाऱ्या तळहाताचा जोर. सुनेनं केलेल्या भाकरीला चिरा पडल्या म्हणून पिढ्यानपिढ्या सासवांनी बोल लावले, त्यातल्या बऱ्याचदा दोष शिळ्या पिठाचा असणार.

भाजणी आणि मेतकूट याला अपवाद. त्यांचं धान्य दळण्याआधी भाजलेलं असतं. भाजल्यामुळे ओल जाते, किड्यांची अंडी मरतात आणि पीठ खवट करणाऱ्या क्रिया थंडावतात, म्हणून ती महिनोनमहिने टिकतात.

एका जाळावर किती कामं?

काटकसर फक्त साठवणीत नसते, जाळातही असते. चूल पेटली की आधी कालवण, मग भाकरी, मग निखाऱ्यावर वांगं किंवा मिरच्या भाजायच्या, उरलेल्या धगीवर दूध. आंघोळीचं पाणी बाजूच्या वैलावर तापत असतं. जळण पऱ्हाट्यांचं, तुराट्यांचं, गोवऱ्यांचं, म्हणजे शेतातूनच आलेलं. उरलेली राख भांड्यांना, धान्याला आणि उकिरड्यावर. पुरणाची डाळ शिजवलेलं पाणी फेकायचं नाही, त्याची कटाची आमटी होते. करडई घाण्यावर नेली की तेल घरात आणि पेंड जनावरांना. रात्रीची भाकरी सकाळी ताकात कुस्करायची. यातल्या कुठल्याच गोष्टीला या घरांत 'झिरो वेस्ट' म्हणत नाहीत. टाकायला जास्तीचं काही नसतंच.

याची दुसरी बाजू धुराची आहे. बंद स्वयंपाकघरातल्या धुरानं डोळे आणि फुप्फुसं जातात ती बाईचीच. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना आली तेव्हापासून अनेक घरांत गॅस आहे, पण सिलिंडर भरून आणायला रोकड लागते. त्यामुळे चहा आणि पाहुण्यांचा स्वयंपाक गॅसवर, भाकरी आणि मोठी भांडी चुलीवर, अशी वाटणी सर्रास दिसते.

कोकणात गोष्ट वेगळी, हिशेब तोच

कोकणात ऊन कमी दिवस आणि पाऊस जास्त. तिथे आगोटीला घरात येतात आमसुलं, आंब्याची साठं, फणसाचे पापड, कुळीथ आणि सुकी मासळी. कोकमाच्या साली त्यांच्याच रसात मीठ घालून पुन्हापुन्हा बुडवायच्या आणि वाळवायच्या, तेव्हा कुठे आमसूल तयार होतं. मासळीचं तर सरकारी कॅलेंडरच आहे. १ जून ते ३१ जुलै या ६१ दिवसांत यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारी बंद असते. ताजी मासळी दुर्मीळ आणि महाग होते, तेव्हा सोडे, सुकट आणि बोंबील घर सांभाळतात.

मग आता काय बदललंय?

बरंच काही. १९७२ च्या दुष्काळात ज्यांच्या कणग्या रिकाम्या झाल्या, त्यांना परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सुकडी खावी लागली. त्या पिढीसाठी भरलेली कणगी हाच विमा होता. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानंतर प्राधान्य गटातल्या माणसाला महिन्याला ५ किलो धान्य मिळतं, २०२३ पासून तेही मोफत. पाच माणसांच्या घराला वर्षाचे ३०० किलो, म्हणजे वरच्या हिशेबातल्या गरजेच्या ४० टक्के. पण हे धान्य मुख्यतः गहू आणि तांदूळ. त्यामुळे ज्वारीखालचं रान सोयाबीन-उसाकडे वळलं, कणगीच्या जागी पत्र्याची कोठी आली आणि गरिबाची मानली जाणारी भाकरी हॉटेलात महागाची झाली.

दुसरा बदल आभाळाचा. मार्च ते मे या काळात वळीव आणि गारपीट नवी नाही, पण अर्धवट वाळलेल्या कुरडया भिजल्या की नुसतं पुन्हा वाळवून भागत नाही. शेंगदाणे, मिरची, मका यांच्यावर बुरशी चढली तर तिचं विष, अफ्लाटॉक्सिन, भाजून किंवा तळून पूर्ण जात नाही. वरची बुरशी पुसून 'चालतंय की' म्हणण्याची सवय अंगाशी येऊ शकते. काटकसर कुठे थांबवायची याचं हे एक उदाहरण, असा माल टाकलेलाच बरा.

तिसरा बदल माणसांचा. पाच-सहा घरांतल्या बाया आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे पापड लाटायला जमायच्या. शेतातल्या सावडीसारखीच ही सावड, मजुरी नाही, फेड श्रमानं. आता गावात लाटायला बसणाऱ्या हातांची संख्या घटली. पोरी शिकायला, सुना नोकरीला किंवा मजुरीला. सोयाबीन काढणीच्या मजुरीचा रोजचा भाव डोळ्यांसमोर असताना फुकट सावड परवडत नाही, हे तक्रार करण्यासारखं नाही, सरळ हिशेबाचं आहे.

आणि हे काम कोण मोजतं?

इथे एक गमतीचा, खरं तर गंभीर मुद्दा आहे. देशाचं उत्पन्न मोजण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या पद्धतीनुसार घरच्यासाठी स्वयंपाक करणं हे 'उत्पादन' धरत नाहीत. पण घरच्यासाठी दळणं, फळं वाळवून टिकवणं, मासे खारवणं, दुधाचे पदार्थ करणं हे उत्पादनात बसतं. म्हणजे या नियमानं पाहिलं तर मासे वाळवणारी बाई उत्पादन करते आणि तेच मासे शिजवणारी करत नाही.

भारतातल्या रोजगाराच्या सर्वेक्षणात मात्र ती दोन्हीकडे बाहेर राहते. फक्त घरकाम करणाऱ्यांसाठी कोड ९२ आहे. घरकामासोबत जळण-चारा-भाजी गोळा करणं, शिवण-टिपण, घरासाठी वस्तू करणं हे करणाऱ्यांसाठी कोड ९३. दोन्ही कोड 'श्रमशक्तीच्या बाहेर' या रकान्यात मोडतात. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटांचा वेळ जात असल्याचं दिसलं, पुरुषांचा ९७ मिनिटांचा. त्यातही हे काम करणाऱ्या पुरुषांची संख्या मुळात कमी. मे महिन्यात पहाटे चारला उठून चीक हाटणाऱ्या बाईचा दिवस या सरासरीत कुठेतरी विरघळून जातो.

तिच्या कामाची किंमत ठरते ती काम घराबाहेर पडल्यावर. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून लिज्जत उभी राहिली. आज गावोगावचे बचत गट तेच छोट्या प्रमाणावर करतात. 'उमेद' अभियानाच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात कुरडया-सांडग्यांचे स्टॉल लागतात. २०२० पासूनच्या सूक्ष्म अन्नप्रक्रिया योजनेत यंत्रांसाठी ३५ टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांचं कर्जाशी जोडलेलं अनुदान आहे.

गावात त्याहून साधी पद्धतही रूढ झाली आहे. घरचा गहू आणि घरचे उडीद गटाकडे नेऊन द्यायचे आणि किलोमागे मजुरी मोजून कुरडया-पापड घेऊन यायचे. धान्य स्वतःच्या शेतातलं, त्यामुळे चव तीच. ही मजुरी ठरवायला गटातल्या बाया बसतात तेव्हा गहू भिजवण्याचे तीन दिवस, पहाटेचं हाटणं, उन्हातलं उलटणं आणि पाऊस आला तर होणारं नुकसान, असा सगळा हिशेब कागदावर मांडावा लागतो. घरी करत होत्या तेव्हा तो कुणी मागितलाच नव्हता.